'जरा जास्तचाच घ्या' म्हणणाऱ्यांनो, ती बॅग एकदा उचलून बघा

कॅप राउंड संपत आले की आयटीत नोकरी करणाऱ्या प्रत्येकाचा फोन वाजायला लागतो. "अरे, आमच्या पोराला इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली. लॅपटॉप कुठला घेऊ?" आणि आपण सगळे एकच छापील उत्तर देतो, "काका, जरा जास्तचाच घ्या. गेमिंगवाला घ्या, चार वर्षं बघायला नको!"

मंडळी, हा सल्ला नाही, हा आळस आहे. आणि त्यात पणाला लागतात ते दुसऱ्याचे पैसे आणि दुसऱ्याची पाठ.

आधी पाठीचं बघू. गेमिंग लॅपटॉप साधारण सव्वादोन-अडीच किलोचा. जाहिरातीतल्या वजनात चार्जर धरलेला नसतो, आणि या लॅपटॉपचा चार्जर म्हणजे अक्षरशः वीट. अर्धा-पाऊण किलो तिचे. झाले तीन किलो. हे पाठीवर घेऊन पोराने डोंबिवलीला सकाळची फास्ट लोकल पकडायची! बरं, नेला वर्गात, तर बॅटरी दोन-तीन लेक्चरांत मान टाकते आणि साठ पोरांमागे सॉकेट दोन. मग महिनाभरात लॅपटॉप घरच्या टेबलावर जो बसतो तो बसतोच. अहो, टेबलावरच ठेवायचा होता तर डेस्कटॉप काय वाईट होता? तेवढ्याच पैशात जास्त दमदार मिळाला असता.

आता पैशांचं. सी, पायथन, जावा, रिपोर्ट, प्रेझेंटेशन, यूट्यूब... कॉम्प्युटरच्या पोराची पहिली दोन वर्षं यातच जातात. महागडं ग्राफिक्स कार्ड आत निवांत झोपलेलं असतं आणि बाबा हप्ते भरत असतात. पुढे अँड्रॉइड स्टुडिओ किंवा डॉकर आलं तरी त्यांना भूक रॅमची, ग्राफिक्स कार्डाची नाही.

"पण एआय-एमएल करायचं असेल तर?" हा हुकमी प्रश्न येणारच. आरटीएक्स ४०५० च्या लॅपटॉप कार्डाला मेमरी असते ६ जीबी. गूगल कोलॅबवर फुकटात टी४ कार्ड मिळतं, ते १६ जीबीचं. त्याला वेळेच्या मर्यादा आहेत, हवं तेव्हा मिळेलच असंही नाही. पण शिकण्यापुरतं ते भरपूर आहे.

आणि स्टिकर बघून 'जास्तचा' ठरवणारे तर धन्यच! २०२० मध्ये आलेल्या आय-७ ११६५जी७ ला कोअर ४, आणि २०२१ च्या आय-५ ११४००एच ला ६. आता बोला! २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ७५२०यू नावावरून ताजा वाटतो, पण आतली झेन २ रचना २०१९ ची.

मग घ्यायचं काय? दीड किलोच्या आसपास वजन, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, आणि डोळ्यांना बरा वाटणारा स्क्रीन. '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं दिसलं तर रंग फिकेच दिसणार हे समजून घ्या. दुकानात एक प्रश्न मात्र न लाजता विचारा, "रॅम सोल्डर केलेली आहे का?" असेल तर ती नंतर वाढवता येत नाही. 'जरा जास्त' म्हणायचंच असेल तर ते इथे म्हणा. अ‍ॅपलनेसुद्धा मॅकबुक एअरची सुरुवात ८ वरून १६ जीबीवर नेली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. त्याआधीचा ८ जीबीवाला स्वस्तात मिळतोय म्हणून कुणाच्या गळ्यात मारू नका.

अपवाद आहेतच. थ्रीडी मॉडेलिंग, व्हिडिओ एडिटिंग, गेम बनवणं, यासाठी ग्राफिक्स कार्ड हवंच. गेम खेळायचे असतील तरी खुशाल घ्या! फक्त घरी तसं सांगून घ्या, अभ्यासाच्या नावावर खपवू नका.

असो. तर पुढच्या फोनला प्रोसेसरचं नाव सांगण्याआधी तीन प्रश्न विचारा. ब्रँच कुठली? कॉलेजला जायचं कसं? आणि हप्ते कोण भरणार? उत्तरं ऐकून घ्यायला पाच मिनिटं लागतील. हप्ते दोन वर्षं चालतात.