शोध घ्यावा, वस्तू घेऊ नये

महावीर निर्वाणाचा दीपोत्सव झाला, नव्या वह्यांवर शुभ-लाभ लिहून झाले आणि ज्ञानपंचमीला पुस्तकांचे पूजनही झाले, की व्यापारी घरांत दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. मुलांची सुट्टी अजून शिल्लक असते. वडीलधारी मंडळी मात्र पेढीवर परतलेली असतात. अशा वेळी समाजाची युवक मंडळे व पाठशाळा एखाद्या रविवारी मुलांसाठी खेळांचा दिवस ठेवतात. त्यात अलीकडे ‘स्कॅव्हेंजर हंट’ या खेळाचे नाव वारंवार ऐकू येते. सात-आठ जणांचा एक संघ, हाती एक लांबलचक यादी आणि ठरावीक वेळ, एवढेच त्याचे साहित्य. यादीतील वस्तू शोधून आणायच्या किंवा यादीत सांगितलेली कामे करून दाखवायची. या खेळाच्या सर्जनशील प्रकारात नुसते सापडणे पुरेसे नसते. जे सापडले ते चित्रातून, छायाचित्रातून किंवा छोट्या नाट्यातून कसे मांडले, यालाही गुण असतात.

हा खेळ लोकप्रिय झाला तो १९३० च्या दशकातील अमेरिकेत, धनिकांच्या मेजवान्यांमध्ये. एल्सा मॅक्सवेल या यजमानीणबाईंचे नाव त्याच्याशी जोडले जाते. त्या काळी तेथे भीषण मंदी होती, लाखो लोक बेकार होते. १९३६ साली आलेल्या ‘माय मॅन गॉडफ्री’ या चित्रपटाची सुरुवातच अशा खेळाने होते. श्रीमंत घरांतील तरुणी यादी हातात घेऊन उकिरड्याजवळच्या वस्तीत येतात, कारण यादीतील एक ‘वस्तू’ म्हणजे समाजाने विसरलेला एक माणूस असतो. त्याला उचलून मेजवानीत नेऊन दाखवायचे, की गुण मिळाले! हा प्रसंग पाहताना प्रेक्षक हसतो आणि लगेच खजीलही होतो. पुढे याच खेळाने चांगली वळणेही घेतली. शिकागो विद्यापीठात १९८७ पासून विद्यार्थ्यांची अशी स्पर्धा होऊ लागली आणि तिच्यातील कल्पकता जगभर गाजली. अभिनेता मिशा कॉलिन्स याने २०११ पासून अनेक देशांतील लोकांना पंधरा-पंधरा जणांच्या संघांत बांधून असा शोध चालवला. त्याच्या यादीत विनोदी कामांच्या बरोबरीने परोपकाराचीही कामे असत. खेळ तोच, पण यादी बदलली की त्याचे स्वरूप पालटते. म्हणून जैन घरातील पालकाने मुलाला या खेळात पाठवताना पहिली विचारणा यादीविषयीच करावी.

नेहमीची यादी पाहावी तर तीत बागेतील फूल, पक्ष्याचे पीस, समुद्रावरचा शंख अशा गोष्टी सहज आढळतात. श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी तिसरे व्रत अचौर्याचे. जे दिलेले नाही ते घेणे म्हणजे अदत्तादान, मग ती वस्तू कितीही क्षुल्लक असो. पाठशाळेत मूल द्वींद्रिय जीवांची उदाहरणे पाठ करते, तेव्हा शंख आणि कवडी यांची नावे आधी घेते. तेच मूल रविवारी किनाऱ्यावरून शंख उचलून आणते आणि त्याबद्दल त्याला गुण मिळतात. रिकाम्या दिसणाऱ्या शंखातही पुष्कळदा एखादा छोटा खेकडा घर करून राहिलेला असतो. पाठातील शिकवण आणि खेळातील वागणूक यांची अशी फारकत झाली, तर मुलाच्या मनात पाठ हा केवळ पाठांतरापुरता उरतो. याचा अर्थ खेळ टाळावा असा नाही. ज्यात काहीही उचलायचे नाही आणि तरीही पुष्कळ मिळवायचे आहे, अशी यादी करता येते. त्याचे उत्तम उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातच घडलेले आहे.

रत्नागिरीच्या परिसरात जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे आहेत. उन्हाळ्यात ते काळपट व उजाड दिसतात. वाटसरूला तेथे थांबावेसे वाटण्याजोगे काही नसते. याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने कातळात आकृत्या कोरून ठेवल्या आहेत. हत्ती, वाघ, मासे, पक्षी, मनुष्याकृती आणि ज्यांचा अर्थ अद्याप लागलेला नाही अशा भौमितिक रचना तेथे आहेत. आज या भागात न आढळणारा गेंडाही त्यांत आहे. यांना कातळशिल्पे म्हणतात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई या रत्नागिरीकरांनी गेल्या दशकात आपापले उद्योग-व्यवसाय सांभाळून सडेच्या सडे पायी पालथे घातले. एका शिल्पातून दुसऱ्याचा माग लागत गेला आणि आकृत्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातील फणसईमाळ या नऊ ठिकाणांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला.

हा शोध यशस्वी झाला त्याची रीत व्यापारी कुटुंबांनी लक्षात घेण्याजोगी आहे. ती रीत विचारण्याची होती. गुराखी, शेतकरी, गावातील वृद्ध यांच्याकडे चौकशी केली गेली. शाळांतील मुलांना सांगितले गेले, की घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा, सड्यावर कोठे चित्रे कोरलेली पाहिली आहेत का? अनेक ठिकाणी माती व गवताखाली गेलेली शिल्पे केवळ वृद्धांच्या आठवणीत उरली होती. ती आठवण विचारणारा कोणी आला नसता, तर त्या माणसांबरोबरच ती नाहीशी झाली असती. शिल्प सापडल्यावर झाडूने माती दूर करायची, मोजमाप घ्यायचे, चित्र काढायचे आणि जागा होती तशी ठेवायची. इतका मोठा खजिना हाती लागला, पण तेथून कोणी काहीही उचलून घरी नेले नाही.

राजापूर तालुक्यातील कशेळी येथील हत्ती तर जैन वाचकाला विशेष बोलका वाटावा. त्याची लांबी सुमारे अठरा मीटर आहे आणि त्याच्या पोटात इतर अनेक प्राण्यांच्या आकृत्या कोरल्या आहेत. त्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला हत्ती दिसतच नाही. कोणाला वळणारी एक रेषा दिसते, कोणाला एखादा मासा, तर कोणाला नुसता चर. आंधळे आणि हत्ती यांचा दृष्टांत अनेकांत समजावताना पाठशाळेत सांगितला जातोच. येथे डोळस माणसांचीही तीच गत होते. चार जणांनी चार बाजूंनी पाहिलेले एकत्र मांडल्याशिवाय आकृती पूर्ण होत नाही. संघाने खेळायच्या खेळातून मुलांना याहून मोठे काय शिकवावे? ‘मला दिसले ते खरे’ यापासून ‘मला दिसले तेही खरे’ येथपर्यंतची वाट त्या कातळावर एका तासात चालून होते.

या विषयाला एक व्यवहाराची बाजूही आहे आणि ती व्यापारी समाजाला थेट लागू पडते. कोकणात घरे बांधण्यासाठी जांभा चिरा लागतो. तो चिरेखाणींतून निघतो आणि चिरेखाणी सड्यांवरच असतात. रस्ते, बागायती, गोदामे, प्लॉट यांसाठीही सडे सपाट केले जातात. जमीन बहुधा खाजगी मालकीची असते, आणि खरेदीखत झाल्यावर जेसीबी लावण्याआधी पायाखाली काय आहे हे पाहण्याची सवय फारशी कोणाला नसते. हजारो वर्षे ऊन-पाऊस सोसलेली रेषा यंत्राच्या एका फटक्यात पुसली जाते आणि पुसल्याचे कोणाला कळतही नाही. ज्यांच्या हाती जमीन विकत घेण्याची ऐपत आहे, त्यांच्याच हाती हे जतन करण्याची शक्तीही आहे. गोदामासाठी सड्यावर जागा घेणाऱ्या कुटुंबाने काम काढण्यापूर्वी एकदा ती जागा झाडून पाहावी, शेजारच्या वाडीतील एखाद्या वृद्धाला विचारावे आणि काही आढळल्यास पुरातत्त्व विभागाला कळवावे. यात तोटा झालाच तर थोड्या दिवसांचा होईल. न पाहण्याने होणारा तोटा कोणत्याही वहीत भरून निघणार नाही. आज शोधाच्या खेळात सडा पायाखाली घातलेला मुलगा उद्या जमिनीचा व्यवहार करताना निदान एकदा खाली वाकून पाहील, ही अपेक्षा वावगी नाही.

असा एक दिवस रत्नागिरीत कसा योजता येईल? प्रत्येक संघात एक आजोबा किंवा आजी, एक गृहिणी, एक-दोन तरुण आणि तीन-चार मुले असावीत. सगळे समवयस्क असतील तर खेळ नुसता धावण्याचा होतो. यादी छापलेली असावी आणि मोबाइल केवळ छायाचित्रापुरता वापरावा. यादीत काय असावे, याचा हा एक मासला. १८२८ साली स्थापन झालेल्या नगर वाचनालयात जाऊन, घरातील कोणीही न वाचलेल्या एका जुन्या मराठी पुस्तकाचे नाव टिपून आणावे. टिळक आळीतील लोकमान्यांच्या जन्मस्थानी जाऊन तेथील एका खोलीचे चित्र स्मरणाने काढावे. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी १९१० च्या सुमारास उभारलेल्या थिबा राजवाड्यासमोर उभे राहून, राज्य, संपत्ती आणि देश एकदम गमावलेल्या माणसाच्या मनातील विचार पाच वाक्यांत लिहावेत. अनित्य भावनेचा पाठ याहून प्रत्यक्ष कोठे मिळेल? भागोजीशेठ कीर यांनी स्वतःच्या पैशाने बांधलेल्या आणि १९३१ साली सर्व जातींसाठी खुल्या झालेल्या पतितपावन मंदिरापाशी, गरिबीतून वर आलेल्या त्या कंत्राटदाराने धन कोठे लावले याची माहिती मिळवावी. मांडवीचा काळा समुद्र आणि पलीकडचा पांढरा समुद्र यांतील वाळूचा फरक शब्दांत वर्णावा. वाळू मात्र आणू नये. बाजारपेठेतील सर्वांत जुन्या दुकानाच्या मालकाला त्याचा पहिला गिऱ्हाईक आठवतो का, ते विचारावे. आणि अखेरचे काम, ज्याला सर्वाधिक गुण असावेत: दिवसभरात कोणा अनोळखी माणसाला केलेली एक मदत, तिचे छायाचित्र न काढता सांगावी. माणूस ही यादीतील वस्तू होऊ नये, एवढे पथ्य तेथे पाळावे.

दुसऱ्या दिवशी उक्षी किंवा जांभरुण येथील कातळशिल्पे पाहता येतात. उक्षीला कोकण रेल्वेचे स्थानकही आहे. पावसाळ्यात सड्यांवर इवल्या वनस्पती व असंख्य सूक्ष्म जीव असतात, म्हणून चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी पौर्णिमेला साधुसाध्वींचा विहार सुरू झाल्यानंतरच हा बेत करावा. तेव्हाही जयणेने, मळलेल्या वाटेनेच चालावे आणि कोरीव रेषांवर पाय देऊ नये. पाणी घरून न्यावे, जेवणाचे डबे सूर्यास्तापूर्वी संपावेत आणि मागे कागदाचा कपटाही राहू नये.

परतल्यावर प्रत्येक संघाने जमलेले सर्वांसमोर मांडावे. टेबलावर ठेवायला काहीच नसेल. असतील ती काही चित्रे, काही ओळी आणि पुष्कळ गोष्टी. परिग्रह न वाढवता संपन्न होण्याची रीत शास्त्राने सांगितली आहे. ती मुलांना एका दिवसात, हसत-खेळत, अंगणातच दाखवता येते. त्या रात्री नातू आजोबांना विचारील, ‘तुम्ही लहानपणी आणखी काय काय पाहिले होते?’ खरा शोध तेथून सुरू होतो, आणि त्याला ठरावीक वेळेचे बंधन नाही.