रूळ जुळले, माप चुकले

आमच्या नाशिकरोडच्या वस्तीतील सातवीच्या एका पोराने शाळेसाठी पुठ्ठ्याचे स्टेशन केले. फलाट, पूल, तिकीटघर, सगळे झकास! मामाने दिलेले जुने डबे होतेच. पण वडिलांनी ओव्हरटाईमच्या पैशातून आणलेले इंजिन डब्यांपुढे थोराड दिसू लागले. रुळावर मात्र बरोबर धावे. पोर हिरमुसले, बाप त्याहून जास्त.

आम्ही फूटपट्टी घेऊन बसलो. डबे ‘एचओ’ मापाचे, म्हणजे खऱ्याच्या १/८७. इंजिन ‘ओओ’, म्हणजे सुमारे १/७६. दोन्हींचे रूळ १६.५ मिलिमीटरचेच! चाके बसली, अंगे जुळली नाहीत. ८७ ला ७६ ने भागा, इंजिन १४ टक्के मोठे निघते. तेव्हा वाचकहो, पैसे मोजण्याआधी रूळ नव्हे, खोक्यावरचे प्रमाण वाचा.

हिशेब दुकानदारीइतकाच सोपा. आपला निळा आयसीएफ डबा सुमारे २१.३४ मीटर लांब. ८७ ने भागला की साडेचोवीस सेंटिमीटर. तोच १/१६० च्या ‘एन’ मापात हवा तर ८७ ने गुणून १६० ने भागा, सव्वातेरा उरतात. आणखी एक गंमत. १६.५ गुणिले ८७ म्हणजे १४३५ मिलिमीटर, ही युरोपातील बहुतेक रुळांची रुंदी. आपली ब्रॉडगेज १६७६; तिला खरे तर १९ हवेत. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी १९९८ साली खुले केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालयही एचओ मापाचेच.

दुकानदाराने इंजिन परत घेतले नाही. मग पोराने पुठ्ठ्याचे नवे डबे कापले, १/७६ चे, प्रत्येकी २८ सेंटिमीटर, आणि खाली मामाच्या डब्यांची चाके लावली.