‘आदित्य’चा खटाटोप कशाला?



‘सूर्यावर नजर ठेवायला नासा आहे, मग आदित्य-एल१चा खटाटोप कशाला?’ हे गेल्या अंकातले पत्र वाचले. प्रश्न रास्त, पण अर्धवट माहितीवरचा. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूपाशी असलेले ‘सोहो’ यान १९९५चे, ‘एस’ यान १९९७चे. यानांच्या वयाच्या हिशेबाने दोघांनीही कधीच पन्नाशी नव्हे, शंभरी गाठली म्हणायची. शिवाय इस्रोच्या ‘आदित्य’ यानावरची, पुण्याच्या आयुका संस्थेत आकाराला आलेली ‘सूट’ दुर्बीण सूर्याची अख्खी तबकडी २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात टिपते. ती सोय सोहोवर नाही.

सूर्यावर नजर ठेवायची ती सौरवादळांसाठी. असे वादळ पृथ्वीला किती बाधणार, हे त्यातल्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर ठरते. ते दक्षिणेकडे वळलेले असले, की पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला खिंडार पडते. ही दिशा नेमकी कळते ती वादळ एल१पाशी थडकल्यावरच. हाती उरतो फार तर तासभर! तेवढ्यात एखाद्या जुन्या यानाने दगा दिला तर? मार्च १९८९मध्ये अशाच वादळाने कॅनडातल्या क्यूबेकची वीज सुमारे नऊ तास गेली होती. मे २०२४मध्ये सौरवादळामुळेच लडाखच्या हानलेत आकाश लाल झाले, त्याचे फोटो पत्रलेखकानेही कौतुकाने पाहिले असतील.

नासाच्या आयत्या डेटावर माझा राग नाही. ‘आदित्य’चा डेटाही इस्रोने सर्वांना खुला केला आहेच.

– एक वाचक, पुणे