कंत्राट संपते, आजार राहतो

वेदान्त-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत होणार, असे सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. प्रकल्प कोणी घालवला, रोजगार किती बुडाले, तेव्हा सरकार कोणाचे होते, यावर भरपूर बोलले गेले. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतले. या सगळ्या गदारोळात एक प्रश्न मात्र ऐकू आला नाही. अशा कारखान्यात कोणती रसायने वापरली जातात आणि ती हाताळणाऱ्या मुलामुलींच्या आरोग्याची जबाबदारी कोणाची?

जालना जिल्ह्याला हा प्रश्न दूरचा वाटायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. शेतीवर भागत नाही म्हणून घनसावंगी, भोकरदन, मंठ्याची मुले शेंद्रा, वाळूज, चाकण, रांजणगाव अशी कामाला जातात. आता समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो आणि शेजारी शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी उभी राहते आहे. मोबाइल उत्पादनासाठी केंद्राची प्रोत्साहन योजना २०२० मध्ये सुरू झाली. जगातल्या बड्या कंपन्या आपले फोन आणि सुटे भाग दुसऱ्या देशातल्या कंत्राटी कारखान्यांकडून बनवून घेतात. ते ‘दुसरे देश’ म्हणजे कालपर्यंत तैवान, कोरिया, चीन होते. आता त्यांत भारतही आहे. तेव्हा काम जिथे जिथे गेले, तिथे त्याच्यामागे काय आले हे आधीच पाहून घेणे शहाणपणाचे.

इलेक्ट्रॉनिक्स हा स्वच्छ उद्योग समजला जातो. पांढरे कोट, टोप्या, धूळ नसलेले दालन. ती स्वच्छता यंत्राच्या भागांसाठी असते. माणसासाठी असतेच असे नाही. भाग धुवायला, पुसायला, कोरायला द्रावके आणि आम्ले लागतात. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा परगण्यात, म्हणजे सिलिकॉन व्हॅलीत, या द्रावकांची गळती भूजलात गेली. अमेरिकी सरकारने अतिप्रदूषित ठरवलेल्या जागांच्या यादीत त्या एका परगण्यातल्या वीसहून अधिक जागा आल्या. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९७० च्या सुमारास तैवानमध्ये ताओयुआन इथे दूरचित्रवाणी संचांचे भाग बनवणे सुरू केले. कारखान्याची मालकी मध्येच दोनदा बदलली, १९९२ मध्ये तो बंद झाला. त्यानंतर कळले की तिथले भूजल ट्रायक्लोरोइथिलीनसारख्या द्रावकांनी दूषित झाले होते. कर्करोग झालेल्या कामगारांनी दावा लावला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या एका मोठ्या गटाची भरपाई कायम केली ती २०१८ मध्ये, कारखाना बंद झाल्यावर सव्वीस वर्षांनी. तोवर कित्येकजणी हयात नव्हत्या.

कोरियात सॅमसंगच्या स्वतःच्याच चिप कारखान्यात काम करणारी एक मुलगी २००७ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारली. वय अवघे बावीस. तिच्यासोबत त्याच जागी काम करणारी सहकारीही याच आजाराने गेली होती. मुलीच्या वडिलांनी, ते टॅक्सीचालक होते, अकरा वर्षे लढा दिला. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने जाहीर माफी मागितली आणि भरपाई मान्य केली.

चीनमधले सुझोऊचे प्रकरण तर वैद्यकीयदृष्ट्या पाठ्यपुस्तकात घालावे असे आहे. तिथल्या विंटेक या कंपनीत अ‍ॅपलसाठी टचस्क्रीन बनत. काच पुसायला अल्कोहोल वापरत; ते सुकायला वेळ लागतो. २००९ च्या सुमारास त्याऐवजी एन-हेक्झेन वापरायला सुरुवात झाली. ते झटकन उडते, काच लवकर पुढे सरकते, पाळीत जास्त नग निघतात. मराठवाड्याला हेक्झेन अनोळखी नाही. सोयाबीनमधून तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये तेच वापरतात. पण तिथे ते बंद यंत्रणेत फिरते. सुझोऊत ते कामगारांच्या नाकासमोर, हवा पुरेशी खेळत नसलेल्या दालनात उडत होते. श्वासावाटे शरीरात गेलेल्या हेक्झेनचे यकृतात दुसऱ्याच द्रव्यात रूपांतर होते आणि ते द्रव्य मज्जातंतूंना इजा करते. सर्वांत लांब तंतू आधी सापडतात, म्हणून सुरुवात पायांच्या आणि हातांच्या बोटांपासून होते. मुंग्या, बधिरपणा, मग पकड सुटणे, मग जिना चढता न येणे. संपर्क थांबल्यावरही काही आठवडे आजार वाढतच राहतो आणि बरे व्हायला महिने, कधी वर्षे लागतात. १३७ कामगारांना बाधा झाल्याचे अ‍ॅपलने आपल्या अहवालात मान्य केले ते फेब्रुवारी २०११ मध्ये. अंतिम जोडणीच्या कामातून हेक्झेन आणि बेंझीन हद्दपार करण्याचा निर्णय २०१४ चा.

या तिन्ही प्रकरणांत समान गोष्ट आहे ती वेळेची. यंत्रात बोट सापडले तर अपघात त्याच दिवशी दिसतो, नोंद होते, कोणत्या कारखान्यात झाला यावर वाद नसतो. रसायनाचा आजार काही महिन्यांनी, कर्करोग तर काही वर्षांनी उगवतो. कंत्राट मात्र सहा किंवा अकरा महिन्यांचे असते. आजार दिसेपर्यंत कामगार गावी परतलेला असतो, ठेकेदार बदललेला असतो, कारखान्याचा मालक बदललेला असतो आणि ज्या कंपनीचे नाव खोक्यावर छापलेले असते ती म्हणते, तो आमचा कामगार नव्हताच. बाहेरून काम करून घेण्याच्या व्यवस्थेतला नैतिक प्रश्न नेमका इथे आहे. स्वस्त मजुरी हा त्याचा एक भाग झाला. आजाराचा खर्च हिशेबाच्या वहीतून गायब होऊन मजुराच्या घरी जाऊन बसतो, हा दुसरा आणि अधिक गंभीर भाग.

भारतात याची चुणूक मिळाली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदुर इथल्या फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्यात काम करणाऱ्या दीडशेहून अधिक महिलांना त्यांच्या वसतिगृहातल्या अन्नातून विषबाधा झाली. हजारोजणी रस्त्यावर उतरल्या, कारखाना काही काळ बंद राहिला. काही वसतिगृहे आणि जेवणाच्या जागा आपल्या निकषांत बसत नाहीत, हे अ‍ॅपलला मान्य करावे लागले. काचेवर धुळीचा कण बसू नये म्हणून जी साखळी इतकी काटेकोर असते, तिचा काटेकोरपणा कामगार दालनाबाहेर पडला की संपत होता.

जालन्याला ही साखळी कळायला परदेशात पाहावे लागत नाही. इथल्या पोलाद कारखान्यांत देशातले आणि परदेशांतून जहाजाने आलेले भंगार वितळवून सळया होतात. घरोघरच्या स्लॅबमध्ये जालन्याची सळई असते. भट्टीतले पोलाद सुमारे सोळाशे अंश सेल्सिअसला असते. भंगारात तोंड बंद असलेला डबा किंवा ओल राहिली आणि ती त्या रसात पडली, तर पाण्याची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची सोळाशे-सतराशे लिटर वाफ. रस उसळतो आणि समोरचे माणूस भाजते. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या औद्योगिक वसाहतीत भट्टीचा स्फोट होऊन अनेक कामगार जखमी झाले. भट्टीसमोर उभे राहणारे बहुतेक परप्रांतातून ठेकेदारामार्फत आलेले असतात. होरपळ दिसते, तिची बातमी होते. वर्षानुवर्षे उष्णतेत काम करून मूत्रपिंडांवर येणारा ताण, धूर आणि धातूची वाफ फुप्फुसात जाणे यांची बातमी होत नाही, कारण तोवर माणूस आपल्या गावी गेलेला असतो.

८ मे २०२० ची पहाट जिल्हा विसरलेला नाही. टाळेबंदीत काम थांबलेले, गाड्या बंद. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर रुळांवरून चालत निघाले आणि थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले. मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांवर पडलेल्या भाकऱ्या देशाने पाहिल्या. त्यांनी घडवलेली सळई कोणत्या इमारतीत गेली हे बिलावरून शोधता येते. ती घडवणारा माणूस मार्च ते मे कुठे होता, काय खात होता, हे शोधण्याची सोय कोणत्याही बिलात नव्हती.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. कारखाना नसेल तर काय? शेतातही उन्हाचा तडाखा आहे, फवारणीची विषबाधा आहे. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले. महिन्याच्या महिन्याला हाती येणारा पगार, पीएफ, ईएसआयचे कार्ड यांचे मोल दुष्काळी तालुक्यात राहणाऱ्याला कुणी शिकवायला नको. परदेशातल्या ग्राहकांनी भारतात जोडलेल्या फोनवर बहिष्कार टाकावा, ही मागणी घनसावंगीच्या मुलाच्या हिताची नाही. पण ‘काम हवे की आरोग्य’ असा पर्याय ठेवणेच खोटे आहे. सुझोऊत अल्कोहोल उपलब्ध होते. बचत होत होती ती काही सेकंदांची.

मग करायचे काय? पहिली गोष्ट कायद्यातली आहे. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा, स्वतःच्या आरोग्याच्या नोंदी पाहण्याचा हक्क मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेतही तो आहे. वार्षिक मोफत तपासणीची सर्वसाधारण तरतूद मात्र चाळिशी ओलांडलेल्यांसाठी आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या जोडणीवर बसणारी मुले-मुली विशीतली असतात. आरोग्याची नोंद कामावर रुजू होताना, दरवर्षी आणि काम सोडताना व्हायला हवी आणि तिची प्रत कामगाराच्या हातात मिळायला हवी. त्यात तो कोणत्या विभागात होता आणि कोणते रसायन हाताळत होता हे मराठीत लिहिलेले असावे. एका कागदाचा खर्च कोणत्याही कंपनीला जड नाही.

दुसरी गोष्ट सरकारच्या हातात आहे. जमीन, वीज, करसवलत देताना किती रोजगार निर्माण होणार याचा आकडा लिहून घेतला जातो. त्याच करारात ठेकेदाराचे कामगार, त्यांची वसतिगृहे आणि काम सुटल्यानंतरचे आजार यांची जबाबदारी मुख्य कंपनीवर असल्याचे लिहून घेता येते. फ्रान्सने २०१७ मध्ये आणि जर्मनीने २०२३ पासून मोठ्या कंपन्यांवर आपल्या परदेशी पुरवठादारांकडे लक्ष ठेवण्याचे कायदेशीर बंधन घातले. ज्याचे नाव खोक्यावर, त्याची जबाबदारी साखळीच्या शेवटपर्यंत, हे तत्त्व आता कायद्याच्या भाषेत आले आहे. पण त्याचा अंमल पॅरिस-बर्लिनवर सोडून भागणार नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला पुरेसे निरीक्षक आणि हवेतली रसायने मोजण्याची साधने द्यावी लागतील.

तिसरी गोष्ट डॉक्टरांची. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत एकाची भर घातली: तुम्ही काम काय करता? तीनशे वर्षांनंतरही केसपेपरवर हा रकाना बहुधा रिकामा असतो. उद्या परतूर किंवा अंबडच्या सरकारी रुग्णालयात बावीस वर्षांचा मुलगा पायाला मुंग्या येतात म्हणून आला, तर त्याला बी-१२ ची इंजेक्शने देऊन घरी पाठवले जाण्याचीच शक्यता अधिक. तो सहा महिने काच पुसत होता हे विचारले गेले तरच आजाराचे मूळ सापडेल, आणि त्या दालनात आज बसलेल्या इतरांना वाचवता येईल. व्यवसायजन्य आजार आढळल्यास कळवणे हे डॉक्टरांचे कायदेशीर कर्तव्यही आहे. जिल्हा रुग्णालयाने हा एक प्रश्न सक्तीचा केला तरी सुरुवात होईल.

कारखाने येतील, यायलाही हवेत. पुढच्या वेळी एखादा मोठा प्रकल्प मराठवाड्यात जाहीर होईल, तेव्हा किती हजार रोजगार हे विचारतानाच कोणती रसायने, कोणाचे ठेकेदार आणि काम सुटल्यावर पाच वर्षांनी दार कोणाचे ठोठवायचे, हेही लोकप्रतिनिधींनी विचारले पाहिजे. त्याचे उत्तर करार होण्याआधीच लेखी मिळाले पाहिजे. ताओयुआनच्या बायकांना ते कारखाना बंद झाल्यावर सव्वीस वर्षांनी मिळाले. जालन्याच्या मुलांनी तेवढे थांबण्याचे कारण नाही.