पाहुणा स्कॉटलंडचा, उन्हाळा नागपूरचा

दिवाळीच्या सुमारास घरोघरी दोन मागण्या हमखास निघतात. मोठ्यांना नवा सोफा हवा असतो आणि मुलांना कुत्रा. सोफा नाही आवडला तर विकून टाकता येतो. कुत्रा मात्र दहा-बारा वर्षे घरचे माणूस होऊन राहणार असतो. तेव्हा वाचकहो, फराळाची ताटली जरा बाजूला ठेवा आणि चार शब्द ऐका.

हल्ली मुलांच्या तोंडी एकच नाव आहे : गोल्डन रिट्रीव्हर. सोनेरी केस, हसरा चेहरा, लहान मुलांवर जीव. मुलांची निवड वाईट आहे असे कोण म्हणेल? पण या पाहुण्याचे कूळ जरा पाहावे. पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झालेल्या एका उमरावाने १८६८ साली स्कॉटलंडमधल्या आपल्या इस्टेटीवर ‘नूस’ नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि ‘बेल’ नावाची स्पॅनिअल कुत्री यांची जोडी जमवली. त्यांच्या पिल्लांपासून हे घराणे सुरू झाले. बंदुकीने पाडलेला पक्षी गार पाण्यात पोहत जाऊन अलगद तोंडात धरून आणायचा, हे त्यांचे काम. म्हणून तर अंगावर केसांचे दुहेरी पांघरूण, आणि म्हणूनच तुमची चप्पल तोंडात धरून घरभर मिरवण्याची हौस!

धरमपेठेतला माझा भाचा परवा म्हणाला, “मामा, पोरगी ऐकतच नाही. गोल्डनच हवा म्हणते.”

“घे की. पण आधी मे महिना डोळ्यांपुढे आण.”

“दिवाळीत मे महिना कशाला आठवायचा?”

“तू नाही आठवलास तरी तो यायचाच आहे.”

आणि आमचा मे महिना म्हणजे काही थट्टा नव्हे. २०१३ साली याच महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि वाफेवाटे अंगातली उष्णता घालवतो. आपल्या कूलरचेही तत्त्व हेच. म्हणून जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरही हरतो आणि कुत्राही. अशा वेळी कोंदट खोलीत त्याला कोंडू नये. फिरणे पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर बऱ्याच वेळाने. डांबरी रस्त्याला तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद लावून पाहावी. आपला हात भाजला, तर त्याचे पायही भाजणार. उन्हाळा म्हणून कित्येक जण त्याची हजामत करवतात, तेही करू नये. ते केस उन्हापासून बचावही करतात. धाप थांबत नाही, लाळ चिकट झाली, चाल डळमळली, तर तो उष्माघात समजावा. लगेच अंगावर गार पाणी ओतावे, पंख्याखाली घ्यावे आणि तडक डॉक्टर गाठावा. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, हे आपल्या गावाचे भाग्यच.

पिल्लू घेताना त्याची आई पाहावयास मागावी. आई दाखवण्यास जो काकू करतो त्याच्याकडून घेऊ नये. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याची नोंदणी हवी, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. या जातीत खुब्याच्या सांध्याचे दुखणे आनुवंशिक असते. म्हणून आईबापांच्या खुब्यांचा एक्स-रे काढला आहे का, हेही विचारावे. घरी आणल्यावर पार्व्हो, डिस्टेंपर आणि रेबीजच्या लसी डॉक्टर सांगतील त्या तारखांना. पावसाळ्यात कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावी. तिच्यामुळे येणारा ताप जीवघेणा ठरू शकतो.

फराळाचेही पथ्य आहे. लाडवातले बेदाणे, चॉकलेट, कांदा आणि लसूण हे सारे कुत्र्याला विषासारखे. पाहुण्यांनाही ते बजावून ठेवावे. फटाक्यांच्या रात्री त्याला आतल्या खोलीत, घरच्या कोणाच्या तरी सोबतीने ठेवावे.

आता मुख्य प्रश्न : हे सारे करणार कोण? तीस किलोच्या आसपासचा हा गडी रोज दीडदोन तास व्यायाम मागतो, वर्षभर केस गाळतो, आणि एकटेपणा त्याला सोसत नाही. भाच्याच्या मुलीला मी एक अट घातली आहे : महिनाभर रोज पहाटे साडेपाचला उठून फिरून यायचे, तेही कुत्र्याशिवाय! आज एकोणिसावा दिवस. पोरीने अजून एकही खाडा केलेला नाही. बापाचे मात्र चार झाले आहेत.

घरी दुपारी कोणी नसेल, मे महिन्यात वीज गेली तर पंख्याची दुसरी सोय नसेल, तर सोनेरी केसांचा मोह आवरावा. आपल्या गल्लीतले गावठी पिल्लू आखूड केसांचे, याच उन्हात वाढलेले. लसी, अन्न आणि माया त्यालाही तेवढीच लागते. पण मे महिना त्याला नवा नसतो. कुत्रा कोणत्या जातीचा, हे मुलांनी खुशाल ठरवावे. आपल्या घरात त्याचा उन्हाळा सुखाने जाईल की नाही, हे मात्र मोठ्यांनीच ठरवायचे असते.