रोबोटनं बदललेला गुडघा जास्त ‘अचूक’ असतो, म्हणजे नेमकं काय?

मुंबई-पुण्यातल्या रुग्णालयांच्या जाहिरातींत सध्या ‘रोबोटिक नी रिप्लेसमेंट’ हे शब्द हमखास दिसतात. सोबत ‘अचूक’ हा शब्द असतोच. मग कठडा धरून जिना उतरणाऱ्या आई-वडिलांबद्दल घरात चर्चा सुरू होते आणि गाडी एका प्रश्नावर अडते: रोबोटसाठी जास्तीचे पैसे भरावेत का?

त्यासाठी आधी ‘सरळ पाय’ म्हणजे काय, ते पाहू.

तीन अंशांचा नियम

खुब्याच्या सांध्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेषा ओढली आणि ती गुडघ्याच्या मधोमध गेली, तर पाय सरळ. गुडघा बदलताना मांडीचं आणि नडगीचं हाड अशा कोनात कापायचं की ही रेषा मध्यातून जाईल. फार तर तीन अंश इकडे-तिकडे चालतील, असं सर्जनना अनेक वर्षं शिकवलं गेलं. तीन अंश किरकोळ वाटतात. पण खुब्यापासून घोट्यापर्यंतचं अंतर ८० सेंटीमीटर धरलं, तर तेवढ्यानं ही रेषा गुडघ्यापाशी साधारण एक सेंटीमीटर सरकते. भार एकाच बाजूला वाढतो.

१९९१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ११५ गुडघ्यांच्या अभ्यासानं या नियमाला बळ दिलं. तीन अंशांच्या आत बसलेल्या गुडघ्यांपैकी ३ टक्के सैल झाले होते, बाहेर गेलेल्यांपैकी २४ टक्के.

मग २०१० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं ३९८ गुडघ्यांची पंधरा वर्षांची आकडेवारी मांडली. ‘सरळ’ बसवलेल्यांपैकी १५.४ टक्के गुडघ्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती, ‘वाकड्यां’पैकी १३ टक्क्यांवर. म्हणजे तीन अंशांची रेघ ओलांडली की गुडघा लवकर बिघडतो, असं इथे दिसलंच नाही. वाकडेपणा कितीही चालतो, असा याचा अर्थ नाही. पण एकच रेघ सगळ्यांना लागू होते का, ही शंका खरी ठरली.

मुळात सगळ्यांचे पाय सरळ असतात का? बेल्जियममध्ये २० ते २७ वयोगटातल्या २५० निरोगी तरुण-तरुणींचे पाय मोजले गेले. ३२ टक्के पुरुषांच्या आणि १७ टक्के स्त्रियांच्या पायांना तीन अंश किंवा त्याहून जास्त बाहेरचा बाक होता, तोही कुठल्याही आजाराविना. अशा माणसाचा पाय साठीत शून्य अंशांवर आणणं म्हणजे त्याला आयुष्यात कधीच नसलेला पाय देणं. त्यासाठी सांध्याभोवतीचे ताणलेले बंधही सैल करावे लागतात. त्यामुळे रुग्णाचा मूळ बाक जपणारी ‘कायनेमॅटिक’ पद्धत आता अनेक सर्जन वापरतात. तरी वाद मिटलेला नाही.

मोजमापच चुकलं तर?

नुसत्या गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये खुबा आणि घोटा दिसत नाहीत, म्हणून रेषाही ओढता येत नाही. त्यासाठी रुग्णाला उभं करून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे काढतात. इथे वाटी नीट समोर असावी लागते. झिजलेला गुडघा पूर्ण सरळ होत नसेल आणि त्यात पाय थोडा वळलेला असेल, तर फिल्मवरचा बाक खऱ्या बाकापेक्षा वेगळा दिसतो. सीटी स्कॅनमध्ये हाडांचा आकार आणि पीळ नेमका कळतो. पण तो झोपवून काढतात, त्यामुळे शरीराचा भार पडल्यावर सांधा कसा कलतो ते त्यात दिसत नाही. शिवाय किरणोत्सर्गही जास्त.

रोबोट काय करतो?

तो स्वतः शस्त्रक्रिया करत नाही, निर्णय सर्जनचाच. ‘माको’सारखी यंत्रणा आधी सीटी स्कॅनवरून हाडांचं त्रिमितीय चित्र बनवते आणि ठरवलेल्या हद्दीबाहेर करवत जाऊ लागली की हात रोखते. ‘कोरी’सारख्या यंत्रणेला सीटी लागत नाही. हाडांचा पृष्ठभाग ऑपरेशनच्या वेळीच नोंदवला जातो. ठरवलेला कोन साधण्यात रोबोट सरस आहे, हे अभ्यासांत वारंवार दिसलंय. जाहिरातीतलं ‘अचूक’ इतपत खरं आहे. कोणता कोन ठरवायचा, हे मात्र रोबोट सांगत नाही.

दक्षिण कोरियातल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. रोबोटिक आणि पारंपरिक, दोन्ही गटांत सातशेहून अधिक गुडघे होते आणि पाठपुरावा सरासरी १३ वर्षांचा. चालण्या-फिरण्यात किंवा गुडघा टिकण्यात फरक आढळला नाही. तो रोबोट जुन्या पिढीचा होता, हा समर्थकांचा आक्षेप रास्त आहे. पण नव्या यंत्रांना १३ वर्षं झाल्याशिवाय तशी तुलना होणार नाही, हेही तितकंच खरं.

कॅनडातल्या ओंटारिओमध्ये दर पाच रुग्णांपैकी जवळपास एक जण गुडघा बदलल्यावर समाधानी नव्हता, असं २०१० च्या एका अभ्यासात दिसलं होतं. आधीच्या अपेक्षा पूर्ण न होणं, हे त्यामागचं एक ठळक कारण होतं. ते कुठल्याच एक्स-रेत दिसत नाही.

राहिला खर्च. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तेव्हा सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्यासाठी ती जीएसटी वगळून ५४,७२० रुपये होती. ही मर्यादा फक्त बसवल्या जाणाऱ्या भागाला आहे, रोबोटच्या शुल्काला नाही. त्यामुळे अंदाजपत्रक हातात आल्यावर तो आकडा वेगळा विचारून घ्यावा. माझ्या पायासाठी कोणता कोन ठरवलाय आणि का, हेही सर्जनना त्याच भेटीत विचारता येतं.