नकाशा वाचावयास शिका

आमच्या वडोदऱ्याच्या जुन्या शहराच्या मध्यभागी मांडवी उभी आहे. तिच्या पूर्वेस पाणीगेट, पश्चिमेस लहेरीपुरा, उत्तरेस चांपानेर आणि दक्षिणेस गेंडीगेट असे चार दरवाजे आहेत. ही माहिती आम्हां विद्यार्थ्यांना मुखोद्गत आहे. परंतु गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आम्ही चौघे मांडवीमागील गल्लीबोळांत शिरलो आणि मोबाईल बंद पडला, तेव्हा पूर्व कोणती हेच आम्हांस सांगता येईना! अखेर फुले विकणाऱ्या एका आजीबाईंनी बसल्या जागेवरून बोट दाखविले. पाणीगेट आमच्या पाठीमागेच होते.

दोष यंत्राचा नव्हे, आमच्या सवयीचा आहे. यंत्र 'उजवीकडे वळा' म्हणते आणि आम्ही वळतो. कोठून आलो, कोठे आहोत, याचा विचार करण्याचे कारणच उरत नाही. या सवयीवर ओरिएंटिअरिंग हा खेळ उत्तम उपाय आहे, असे आमचे मत आहे. १८९७ साली नॉर्वेमध्ये त्याची पहिली जाहीर स्पर्धा झाली. रानावनांतला हा खेळ पुढे शहरांतही आला. २०१४ साली तर त्याच्या जागतिक स्पर्धेतील एक शर्यत व्हेनिसच्या चिंचोळ्या गल्ल्यांतून धावली गेली.

खेळाडूच्या हाती नकाशा असतो. त्यावर त्रिकोण म्हणजे आरंभ, क्रमांकांची वर्तुळे म्हणजे गाठावयाची ठिकाणे आणि दुहेरी वर्तुळ म्हणजे शेवट. मधला मार्ग मात्र कोणी आखून दिलेला नसतो. तो ज्याचा त्याने निवडावयाचा. भूगोलाच्या तासाला आपण पाहतो त्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, त्यात बोळ कसा दिसणार? शहरी शर्यतीचा नकाशा बहुधा १ : ४,००० प्रमाणाचा असतो. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे चाळीस मीटर, आणि म्हणून जिना, कुंपण, बोळाचे तोंड, सारे त्यात दिसते.

या नकाशातील दोन चिन्हे आम्हांस विशेष मोलाची वाटतात. शेवाळी हिरवा रंग म्हणजे खाजगी किंवा निषिद्ध जागा. जाड काळी रेषा म्हणजे न ओलांडावयाची भिंत. ती भिंत चढून जाणे एखाद्यास सहज शक्य असले, तरी जो ओलांडील तो स्पर्धेतून बाद होतो. चिन्ह वाचणे आणि चिन्ह पाळणे या दोन्ही गोष्टी येथे एकाच वेळी शिकावयास मिळतात.

कोणी म्हणेल, "मोबाईल असताना हा खटाटोप कशाला?" गणकयंत्र आले म्हणून आपण पाढे सोडले काय?

आरंभास फारसा खर्च लागत नाही. प्रत्येक वर्गाने पावले मोजून आपल्या शाळेच्या आवाराचा नकाशा काढावा, उत्तर दिशा दाखवावी, चिन्हांची सूची लिहावी. मग तो नकाशा दुसऱ्या वर्गाच्या हाती द्यावा. ते वाट चुकले, तर चूक वाचणाऱ्याची की काढणाऱ्याची, हे एकत्र बसून शोधावे. एवढे साधले की मांडवीभोवतीचे बोळ घ्यावेत.

त्या आजीबाईंजवळ नकाशा नव्हता. पण त्यांचे शहर त्यांच्या मनात रेखलेले होते. आमच्या मनात ते अजून रेखावयाचे आहे. पुढील हिवाळ्यात मांडवीपाशी उभे राहून कोणा वाटसरूस पाणीगेट दाखविण्याची पाळी आली, तर आमचे बोट अचूक उठावे, एवढीच आमची इच्छा आहे.